मनगटापासून कोपरापर्यंत

शकूरचाचा, पहिल्याच वाक्यात सांगून टाकते: मी अजूनही पट्टा बांधते. नवीन पोरगी मैदानात आली की तिच्या डाव्या हाताला, मनगटापासून कोपराच्या चार बोटं अलीकडपर्यंत, तुम्ही शिवलेला पट्टा बांधल्याशिवाय मी तिच्या हातात धनुष्य देत नाही. तुमचं म्हणणं होतं, आधी हात शिकवा, मग पट्टा. माझं म्हणणं होतं, आधी कातडी वाचवा, हात सावकाश शिकवू. नऊ वर्षं आपण यावर भांडलो. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि भांडण जिथं होतं तिथंच आहे. तुम्ही मध्येच उठून गेलात म्हणून तुम्ही जिंकलात, असं काही मी मानत नाही.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतायत. शांत माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं परवा एकजण मला सांगत होता आणि मला हसू दाबावं लागलं. तुम्ही आणि शांत? युसूफ वडगावच्या एसटी थांब्यामागं तुमची ती पत्र्याची टपरी, आत शिलाई मशीन, बाहेर सीटांचा ढीग. रस्त्यानं जाणारी मोटरसायकल थांबवून तुम्ही तिची सीट अंगठ्यानं दाबून बघायचात आणि चालवणाऱ्याला विचारायचात, "ही शिलाई कुनी केली बे? मानसानं की म्हशीनं?" गावात गाडी भंगारात जायची, पण तुम्ही शिवलेली सीट काढून दुसऱ्या गाडीला बसवली जायची. त्याचा तुम्हाला केवढा ताठा होता! बाकी कशाचा नाही, फक्त टाक्याचा. "बाई, माझा टाका उसवला तर शकूर नाव सांगनार न्हाई," असं तुम्ही मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतंत. मी तर नुसतं विचारलं होतं, काम किती दिवसांत होईल.

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरींनी तळ गाठलेला, प्यायला टँकर, जनावरं छावणीत. गावच्या दूध सोसायटीत एरवी सकाळी कॅनचा खडखडाट असायचा. त्या वर्षी तिथलं फॅट तपासायचं यंत्र फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं, कारण तपासायला दूधच नव्हतं. मी शाळेत खेळाची बाई म्हणून नुकतीच आलेले. शाळेला कुठल्याशा योजनेतून बांबूची आठ धनुष्यं मिळाली होती आणि ती कुलपात पडून होती, कारण पटांगणात टँकर उभा राहायचा आणि सगळं गाव घागरी घेऊन तिथंच असायचं. मी सोसायटीच्या चेअरमनना गाठलं. म्हटलं, तुमची शेड आणि मागचं आवार रिकामंच आहे, माझ्या बारा पोरींना सरावाला द्या. ते म्हणाले, "घ्या की. पर एका बी घरची तक्रार आली तर बंद. सोसायटी लोकांची हाय, मला घरोघर तोंड द्यावं लागतंय."

मला तिरंदाजी किती येत होती? दहा दिवसांचं प्रशिक्षण आणि एक दोनशे पानी वही, एवढीच. वहीत उभं कसं राहायचं होतं, श्वास कसा धरायचा होतं, नेम कसा घ्यायचा तेही होतं. धनुष्याची दोरी सुटल्यावर हाताचं काय होतं, हे मात्र मी लिहून घेतलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बारांपैकी नऊ पोरींच्या डाव्या हातावर आतल्या बाजूनं लाल वळ उठले आणि दोन दिवसांत ते जांभळे झाले. दोरी आपल्या वाटेनं सरळ जाते, मध्ये हात आला की त्याला फटकावून पुढं जाते. मी पोरींना शिकवायला म्हणून मारून दाखवलं, तर माझ्याही हातावर वळ.

तेव्हा मी तुमच्याकडं आले. बारा पट्टे शिवून पाहिजेत म्हटलं. कशाला, म्हणून तुम्ही विचारलंत आणि मी बाही वर केली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझा हात बघितलात. "कशाला धडकलात?" म्हणालात. धनुष्याच्या दोरीनं झालंय, हे सांगितल्यावर तुमचे डोळे असे चमकले की मला रागच आला. माझा हात ठणकतोय आणि या माणसाला मजा वाटतेय! "आधी बघू द्या, मंग शिवू," म्हणालात. "न बघता मी बैलाचा पट्टा बी शिवत न्हाई, ही तर लेकरं हायत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आवारात आलात, एक रिकामा दुधाचा कॅन पालथा घातलात आणि त्यावर बसलात. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही जवळजवळ रोज येऊन बसणार आहात, हे तेव्हा कळलं असतं तर मी खुर्ची आणून ठेवली असती. अर्धा तास तुम्ही नुसते बघत होतात. मग एका पोरीकडं बोट करून मला विचारलंत, "ही धनुष्य धरती का चोर धरती? एवढं आवळायचं कावून? ते काय पळून चाललंय का?" पोरी खिदळल्या. मला ते लागलं, कारण मीच त्यांना घट्ट धरा म्हणून ओरडत होते. मूठ आवळली की मनगट आत वळतं आणि दोरीच्या वाटेत जातं, हे मी त्या दिवशी एका सीट शिवणाऱ्याकडून शिकले आणि रात्री गुपचूप वहीत लिहिलं.

आणि ती म्हैस आठवतेय का? न आठवायला काय झालं. टार्गेट म्हणून मी दोन पोत्यांत उसाचं वाढं ठासून भरलं होतं. बीड शहरात वाढलेली बाई मी, दुष्काळात वाढं म्हणजे काय हे मला कुठून कळणार! दुसऱ्या दिवशी पोरींना घेऊन आवारात गेले तर छावणीतून सुटून आलेली एक म्हैस टार्गेटात तोंड घालून शांतपणे उभी. एक तिनं संपवलं होतं, दुसरं निम्म्यावर आलं होतं. वर चिकटवलेला पिवळा गोल तेवढा मातीत पडला होता. पोरी हसून हसून खाली बसल्या. चेअरमन मात्र हसले नाहीत. "जनावरं चाऱ्यावाचून मरायलीत अन् तुमी चाऱ्याला बान मारता?" म्हणाले. त्यांचं बरोबर होतं आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

त्याच संध्याकाळी तुम्ही हातगाडी ढकलत आलात. गाडीत वीस वर्षांच्या सीटांतून निघालेला फोम, रेक्झिनची कात्रणं, फाटके पट्टे, सगळा रंगीबेरंगी कचरा. आपण सगळ्यांनी मिळून तो पोत्यांत ठासला. तुम्ही स्वतः पोत्यांची तोंडं शिवलीत, आणि तीही दुहेरी टाक्यानं, तिथं सुतळी चालली असती तरी. "खा म्हनावं आता म्हशीला," म्हणून तुम्ही गाडी वळवलीत. ती टार्गेटं मी आजही वापरते.

पट्टे तुम्ही आठ दिवसांत दिलेत. मऊ कातडं, आत पातळ अस्तर, बाहेरच्या बाजूला दोन नाड्या, आतल्या बाजूला एक गाठसुद्धा नाही. पंधरा दिवस गेले आणि तुमचा निरोप आला: सगळे पट्टे परत आणा, बघायचेत. मला वाटलं, शिलाईची काळजी. तुम्ही ते बाराही पट्टे फळीवर ओळीनं मांडलेत आणि एकेकावरून अंगठा फिरवायला लागलात. "ह्यो मनगटापाशी घासलाय. ह्या धनुष्याची दोरी ढिली झालीय, हाताच्या लई जवळ बसती. दोरीला पीळ द्या." मी परत येऊन मापलं. धनुष्यावर मूठ ठेवून अंगठा उभा केला की त्याच्या टोकाला दोरी लागायला पाहिजे, असं वहीत होतं. दोरी पार अंगठ्याच्या मुळाशी आली होती. पीळ दिला, दोरी आखडून हातापासून लांब सरकली, आणि त्या पोरीच्या पट्ट्यावर दोरीचा फटका बसायचा थांबला.

मग तुम्ही पुढचा उचललात. "ह्यो मधोमध घासलाय, ही मूठ आवळती अजून." आणि मग एक पट्टा तुम्ही बराच वेळ हातात धरलात. "ह्यो बघा. पार वरच्या कडेला, कोपरापाशी. हिचा कोपर आत पडतोय. दोरी पट्ट्याच्या वर बी लागत असंल. कोन हाय ही?" पोरगी न बघता, नाव माहीत नसताना! मी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं. तुम्ही म्हणालात, "सीट बघून मी सांगतो मानूस कुठल्या अंगावर कलतो, ब्रेक कसा मारतो, दुधाचा कॅन कुठल्या बाजूला बांधतो. कातडं खोटं बोलत न्हाई, बाई." तो पट्टा वैशालीचा होता.

वैशाली म्हणजे आठवीतली उंच पोरगी, बारा जणींत सगळ्यात ताकदीची. तिचा हात सरळ केला की कोपर सरळ रेषेच्याही पलीकडं, उलटा जायचा, आणि त्याचा आतला फुगवटा नेमका दोरीच्या वाटेत यायचा. पट्टा संपायचा तिथून पुढं तिचा हात काळानिळा. पण तिच्या बाणांचा नेम असा, की चेअरमनसुद्धा येऊन उभे राहायचे. एकदा बाण गोळा करताना ती मला म्हणाली होती, "बाई, घरी मला कामं येत्यात का एवढंच बघत्यात. हे मला येतं, हे फकस्त माझं हाय." मला गलबलून आलं आणि ते दिसू नये म्हणून मी तिला चप्पल नीट घाल म्हणून रागावले.

मग तिची आई आली. शेडच्या दारात उभी राहिली, आत आलीच नाही. "मॅडम, पोरीच्या हातावर वळ दिसत्यात. टँकरपाशी बाया इचारत्यात, घरात मारता का पोरीला म्हनून. आमी कधी बोट लावलं न्हाई तिला. भावकीत नाव खराब व्हायलंय." मी हाता-पाया पडले म्हटलं तरी चालेल. शेवटी ती म्हणाली, "आठ दिस देते. आठ दिसांत येक बी नवा वळ दिसला तर पोरगी घरी." आणि गेली. एक पोरगी घरी बसली की तिच्यामागं बाकीच्यांच्या आया आल्याच असत्या, आणि चेअरमनची अट मला पाठ होती.

मी धावत तुमच्याकडं. चाचा, लांब पट्टा शिवा, पार कोपराच्या वरपर्यंत. तुम्ही मान हलवलीत. "न्हाई शिवनार. कोपर झाकला तर हात मोकळा कसा राहील? अन् चूक झाकली तर दिसंल कशी? कोपर फिरवायला शिकवा. हात भितीला टेकवायचा, तळवा हलू द्यायचा न्हाई अन् निसता कोपर बाहेर फिरवायचा. कोपराची घडी उभी झाली पायजे." मी म्हटलं, आठ दिवसांत हाताची सवय बदलत नाही. "बदलती. माझी बदललीय," म्हणालात, आणि तुमच्या उस्तादाची गोष्ट काढलीत. सीटवर रेक्झिन ताणताना दोरा तुटून तुमच्या हातावर सपकन बसायचा आणि उस्ताद हाताला फडकं बांधू द्यायचे नाहीत, ते. ती गोष्ट मी त्याआधी सहा वेळा ऐकली होती. मला आठ दिवस दिसत होते आणि तुम्हाला उस्ताद दिसत होते.

तेव्हा मी जे बोलले ते आज इथं लिहिते. मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला पोरीची फिकीर नाही, तुमचं म्हणणं खरं ठरायची फिकीर आहे." तुम्ही हातातली सीट मशीनखाली सरकवलीत. मशीनचा पाय खाली घेतलात आणि शिवायला लागलात. मी तशीच निघून आले. नऊ वर्षांत त्या वाक्याची माफी मागायला मला रोज संध्याकाळ मिळत होती, आणि रोज मी दुसऱ्याच कशावरून तरी तुमच्याशी वाद घातला.

लांब पट्टा मी शहरातल्या दुकानातून तयार आणला. कडक, चकचकीत, तीन धातूच्या बकलांचा. वैशालीचा हात बारीक, पट्टा फिरून बकलं आतल्या बाजूला, दोरीच्या वाटेत यायची. मला ते दिसत होतं. चार दिवस काही झालं नाही, हात स्वच्छ, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला हरवलं होतं. पाचव्या दिवशी दोरी सुटली ती बकलात अडकली. बाण चार पावलांवर पडला आणि वैशाली हात धरून खाली बसली. पट्टा काढला तर खाली चिंचोक्याएवढा काळानिळा डाग, आणि भोवती सूज. ओलं फडकं लावून मी तिला घरी पाठवलं. पट्टा शाळेच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या मागं ढकलला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही विचारलंत, पोरगी कुठं हाय? मी म्हटलं, ताप आलाय तिला. तुम्ही "हां का" म्हणालात आणि आपल्या कॅनवर जाऊन बसलात. तिच्या घरी जाऊन काय बोलायचं हे मी दोन रात्री घोकलं आणि गेले मात्र नाही. भ्याले, सरळ सांगायचं तर. चौथ्या दिवशी वैशाली आवाराच्या फाटकातून आत आली. "आईनं येऊ दिलं," म्हणाली. कसं काय, हे मी विचारलं नाही. आईचं मन मऊ झालं असेल म्हटलं, आणि सुटकेचा श्वास टाकून धनुष्यं मोजायला लागले.

तुम्ही मात्र उठलात. तिला शेडच्या भिंतीपाशी नेलंत, डावा तळवा भिंतीला टेकवायला लावलात. "आता हात तितंच. निसता कोपर फिरव. न्हाई, खांदा न्हाई, कोपर. दारावरची कडी फिरवल्यावानी." ती फिरवायची, पुन्हा परत यायची. "थोडा ढिला ठेव, लाकूड करू नको हाताचं. खांदा खाली." रोज शंभर वेळा भिंतीपाशी, मग दहा वेळा बाणाशिवाय धनुष्य अर्धवट ताणून तसंच सावकाश परत आणायचं, मग एक बाण. मी लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, हे मला वहीत लिहायला पाहिजे, पण यांच्यासमोर नाही. आठवडा गेला असेल. एका संध्याकाळी दोरी सुटली आणि फक्त दोरीचा आवाज आला. वैशालीनं आपल्या हाताकडं बघितलं, मग तुमच्याकडं. मला वाटलं, आता तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही म्हणालात, "अजून येकदा." त्या दिवशी तिनं तीस बाण मारले आणि तीसही वेळा हात स्वच्छ. शेवटच्या बाणानंतर तुम्ही कॅनवरून उठून एकटेच टाळ्या वाजवत होतात, आणि मग आम्ही सगळ्याच.

पुढचं सगळं गाव जाणतं. वैशाली जिल्ह्यातून निवडून गेली आणि राज्यात चौथी आली. तिच्या आईनं पेढे असे वाटले की बाहेरगावच्या माणसाला ती पहिलीच आली असं वाटावं. कुणी विचारलं, कितवी? तर ती माउली म्हणायची, "आली की!" आणि पेढा तोंडात कोंबायची. त्या वर्षाअखेर माझ्याकडं सव्वीस पोरी होत्या. पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं, गाई-म्हशी छावणीतून परत आल्या, सोसायटीत कॅन वाजायला लागले आणि आम्ही शाळेच्या पटांगणात गेलो. तुम्ही तुमचा पालथा कॅन तिथंही घेऊन आलात. तो सोसायटीचा होता आणि तुम्ही तो कधीच परत केला नाहीत, हेही आता सांगून टाकते.

आणि तो दिवस, चाचा! शेडमधला शेवटचा दिवस. पोरींनी हट्ट धरला, चाचा, एक बाण तुम्ही मारा. इतका काळ सगळ्यांना शिकवणाऱ्या माणसानं तोपर्यंत एकदाही धनुष्य हातात घेतलं नव्हतं. मी पट्टा पुढं केला. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी तुम्हाला दुपट्यात गुंडाळायला निघाले होते. "हात नीट असला की पट्टा लागत न्हाई," म्हणालात. उभे राहिलात झोकात. ताणलंत झोकात. सोडलंत, आणि सटकन असा आवाज आला की झाडावरचे कावळे उडाले. बाण शेडच्या पत्र्यावर. तुमचा चेहरा जराही हलला नाही. "दोरीत खोट हाय," म्हणालात, धनुष्य माझ्या हातात दिलंत आणि घरी गेलात. पुढं आठवडाभर ऑक्टोबरच्या उन्हात तुम्ही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मशीनवर बसला होतात. मी मुद्दाम रोज टपरीवर येऊन म्हणायचे, "चाचा, गरम होत नाही का?" तुम्ही म्हणायचात, "अजाबात न्हाई." या एका आठवड्यासाठी मी देवाची जन्मभर ऋणी आहे.

शेवटचं वर्षभर तुमच्या डोळ्यांना दोरा दिसत नव्हता. सुईत दोरा चाची ओवून द्यायच्या आणि तुम्ही अंगठ्यानं चाचपत शिवायचात. टाका तरीही सरळ. तेवढ्यातही भांडण चालूच. मी म्हणायचे, बघा, पट्टा बांधते म्हणून नव्या पोरी घाबरून पळत नाहीत. तुम्ही म्हणायचात, "पळत न्हाईत, पर शिकत बी न्हाईत लवकर." दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. कबूल करायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं, आणि खरं सांगू, त्यातच मजा होती.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुमच्या घरी गेले. अंगणात बाया बसल्या होत्या, मधोमध चाची. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं वैशालीची आई आली. चाचींच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्याशेजारी येऊन टेकली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मानूस सोन्यावानी होता, मॅडम. येक शिलाई कच्ची, एवढंच."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, कुणाची शिलाई?

"चाचांची. आता सांगते तुमाला. पोरीच्या हाताला ते बकलाचं लागलं, त्या दिशी वैशाली रडत त्यांच्या दुकानात गेलती. तिला चाचीपाशी बसवलं अन् सोता आमच्या घरी आलते. म्हनले, पोरीचा हात चांगला हाय, बाईंनी शिकवलेलं चांगलं हाय. पट्टा मी शिवला, माझी शिलाई कच्ची निघाली, बकल सरकलं. चूक माझी हाय, पोरीला घरी बसवू नका. मी ऐकलं न्हाई. दुसऱ्या दिशी परत आले. तिसऱ्या दिशी उंबऱ्यातच बसले, हो म्हनल्याबिगर उठत न्हाई म्हनले. म्हातारा मानूस आपल्या तोंडानं आपलं काम खराब म्हनतोय, मला बघवंना. दिली सोडून पोरगी. पर पोरीला अन् तुमाला सांगू नका म्हनले, म्हनून बोलले न्हाई कधी." मग तिनं आवाज आणखी खाली केला. "तवापासून मालकाच्या गाडीची सीट आमी केजहून शिवून आनतो. चाचांकडं दिलीच न्हाई कधी. वाईट वाटायचं, पर काय करता, शिलाईच कच्ची."

चाचा, मला रडू आलं नाही. मी उभी राहिले. अंगणातल्या सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं, चाचींनीही. मी वर्गात बोलते तेवढ्या मोठ्यानं बोलले.

"तो पट्टा चाचांनी शिवला नव्हता. चाचांनी तो शिवायला नकार दिला होता. मी त्यांना वाटेल ते बोलले आणि शहरातून दुसरा विकत आणला. बकल आतल्या बाजूला येतंय हे मला दिसत होतं, तरी मी तो वैशालीच्या हाताला बांधला."

वैशालीच्या आईचा हात तोंडावर गेला. मग म्हणाली, "मंग त्यांनी कावून सांगितलं तसं?"

"तुमची पोरगी यावी म्हणून," मी म्हटलं. "शकूरचाचांची शिलाई एकदाही कच्ची निघाली नाही."